सुभद्राबाईंच्या कानाची रेंज

शालिकराम ठवकरांच्या घरात बोराएवढी वस्तू हरवली आणि तिच्यापायी त्यांचा कूलर गेला, शेजार गेला आणि टेलिफोन खात्यात उभी हयात घालवून कमावलेली अब्रूही गेली. वस्तू म्हणजे सुभद्राबाईंचं कानाचं मशीन. उजव्या कानाचं. डाव्याचं घेतलंच नव्हतं, कारण धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की डावा कान आता फक्त कानातलं घालायच्या कामाचा आहे.

आता घरात वस्तू कोणाची हरवत नाही? चष्मा हरवतो, किल्ली हरवते, ठेवणीतला मोठा चमचा तर दर लग्नसराईत हरवतो. पण शालिकराम पडले खात्यातले फॉल्टवाले. सडकेखाली केबल कुठे तुटली आहे हे ते सडकेवर उभं राहून सांगत आणि खणल्यावर ती तिथेच तुटलेली निघे. निदान शालिकराम तरी असंच सांगत. निवृत्तीनंतर नवजीवन ले-आऊटमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, कोणाचा रिमोट, कोणाची बेल बंद पडली की माणसं त्यांच्याकडे येत. ते वस्तू उलटीपालटी करून बघत, ‘हूं’ म्हणत आणि सेल बदला असं सांगत. एवढ्या भांडवलावर त्यांचं ले-आऊटमध्ये नाव होतं. अशा माणसाला दोन खोल्या आणि एका स्वयंपाकघरात कानाचं मशीन सापडू नये, म्हणजे झालंच की नाही!

मशीन घेतलं कशासाठी, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सुभद्राबाईंना कमी ऐकू येतं ही जुनी गोष्ट. सौरव, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, शाळेत होता तेव्हापासूनची. त्यावर ओरडून बोलणं हा एकच उपाय त्या घरात चालत आला होता. गॅस संपला, दूधवाला आला, लाइट गेली, हे सगळं ओरडून बोलता येतं. पण दोन वर्षांपूर्वी सौरव मौद्याहून ड्यूटी करून येताना रस्त्यात अपघातात गेला. तेव्हापासून शालिकरामांच्या पोटात त्याच्याबद्दलचं बोलणं साचत होतं, आणि ते जिच्याशी बोलावं असं जगात एकच माणूस होतं, ते बहिरं. मेलेल्या पोराबद्दल ओरडून कसं बोलायचं? भिंतीपलीकडच्या यमुताई ऐकणार, त्यांच्या पलीकडचे ऐकणार. हे बोलणं हळू आवाजातच करायचं असतं. म्हणून मशीन.

सुभद्राबाईंना राजी करता करता एप्रिल सरत आला. शेवटी एकदाचं मशीन कानात बसलं. शालिकराम रोज सकाळी उठून ठरवू लागले की आज बोलायचं. प्रत्यक्षात ते हळू आवाजात बोलले ते इतकंच, की यंदा ऊन लवकर तापलं आणि दोडके कडू निघाले. पंधरवडा असा दोडक्यांवर गेला, आणि एका सकाळी सुभद्राबाई रिकाम्या कानाने स्वयंपाकघरात उभ्या दिसल्या.

शालिकरामांनी कानाकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. “हरपलं असन,” सुभद्राबाई म्हणाल्या. “जाऊ द्या. मले काही अडून नाही राहिलं त्याच्याबिगर.” आणि वांगी चिरायला बसल्या. ही बेफिकिरी शालिकरामांच्या जिव्हारी लागली. ज्या मशीनसाठी आपण हिच्या मिनतवाऱ्या केल्या, ते गेलं तर बाईच्या चेहऱ्यावर रेघ हलू नये? त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की मशीन शोधून काढीन तर नावाचा ठवकर. गाद्या उलट्या झाल्या, उशांचे अभ्रे उलटे झाले, मोरीची जाळी निघाली. मशीन नाही.

मग धंतोलीतल्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मेघा नावाच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की काका, मशीन ब्लूटूथवालं आहे, त्याच्यातला सेल आहे तोवर ते हाक देत राहतं, आणि मोबाइलवर त्याची रेंज दिसते. जवळ गेलं की रेंज वाढते, लांब गेलं की कमी होते, तशा तशाने शोधायचं. सेल आठवडाभर तग धरील. नाहीच सापडलं तर विम्यात बसवू, पण त्याला पोलिसांचा कागद लागेल.

शालिकराम सावध माणूस. त्यांनी कागद आधी आणायचं ठरवलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, कुठं हरवलं. घरात, शालिकराम म्हणाले. त्यावर हवालदार म्हणाला, घरातच आहे तर मग हरवलं कसं, काका? प्रश्न बिनतोड होता. शेवटी त्याने कॉम्प्युटर उघडला. हरवलेल्या वस्तूंच्या यादीत मोबाइल होता, पाकीट होतं, पासपोर्ट होता, कान नव्हता. ब्लूटूथ आहे ना, मग मोबाइलच समजा, असं म्हणून त्याने मोबाइल निवडला आणि कॉम्प्युटरने आयएमईआय नंबर मागितला. कानाला तो नंबर नसतो हे शालिकरामांनी तीनदा सांगितलं. कॉम्प्युटर ऐकेना. अखेर त्यांनी स्वतःच्या मोबाइलचा नंबर दिला, आणि आपला मोबाइल हरवल्याचा सरकारी कागद त्याच मोबाइलच्या कव्हरमध्ये घालून घरी परतले.

दारात यमुताई उभ्याच होत्या. यमुताई म्हणजे सख्ख्या शेजारी, एक भिंत दोघांत. त्यांनी शालिकरामांना ठाण्यातून निघताना बघितलं होतं. मशीन हरवल्याचं कळल्यावर त्यांनी सुचवलं की तुरीच्या डाळीच्या डब्यात बघा, माझी बांगडी तिथंच निघाली होती. बांगडी डाळीत निघाली म्हणून कानाचं मशीनही डाळीत निघेल, हा यमुताईंचा हिशेब. शालिकराम तुच्छतेने हसले आणि त्या आत गेल्यावर डाळीचा डबा उपसून आले.

रेंजचं काम मात्र एकट्याचं नव्हतं. त्यासाठी समोरच्या बंगल्यातला रजत आला. रजत मिहानमधल्या एका कंपनीत टीम लीड. घरी बसून काम करायचा, आणि बायको माहेरी गेल्यापासून लीड करायला घरात कोणी उरलं नव्हतं. त्याने शालिकरामांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकलं. त्यात मशीनचं नाव आणि पुढे एक आकडा दिसायचा, तोही वजा. वजा नव्वद म्हणजे लांब, वजा चाळीस म्हणजे हातभर अंतरावर. शालिकरामांनी आपण हे सगळं खात्यात कोळून प्यालो आहोत अशी मान हलवली.

पहिल्याच फेरीत आकडा स्वयंपाकघरात सुधारला. सुभद्राबाई तिथे पोळ्या करत होत्या. रजत आणि शालिकराम त्यांच्या भोवतीने फिरले, कणकेचा डबा परातीत ओतला, साखर ओतली, मसाल्याचा डबा ओतला. सुभद्राबाईंनी फक्त हळदीचा डबा शालिकरामांच्या हातातून काढून घेतला. थोड्या वेळाने त्या जाऊन बाहेरच्या खोलीत कूलरसमोर पडल्या, आणि आकडा उठून कूलरपाशी गेला.

“पत्रा आणि पाणी,” रजत म्हणाला. “दोन्ही सिग्नलचे दुश्मन हायेत काका. त्याच्याआडून एवढा आकडा येऊन राहिला म्हणजे मशीन आतच हाय.”

झालं. कूलर म्हणजे नागपुरात मे महिन्यात घराचा प्राण. त्याच्या खसाच्या ताट्या निघाल्या, टाकीतलं पाणी अंगणात वाहिलं, पंप निघाला, पंपाच्या खालून मागच्या साली हरवलेली फणी निघाली. मशीन नाही. परत जोडताना पंखा पत्र्याला घासू लागला, मग जास्तच घासू लागला, मग एक मोठा आवाज होऊन बंद पडला. मेकॅनिक पंखा काढून घेऊन गेला आणि म्हणाला, सीझन आहे, आठवडा लागंन.

कूलर गेल्याचं दुःख बाकीच्यांना उकाड्याचं होतं. शालिकरामांचं निराळं होतं, आणि ते कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. सौरव गेला तेव्हा शालिकराम रडले नाहीत. पाहुणे आले, तेरवी झाली, हा माणूस सतरंज्या मोजत होता. ले-आऊटमध्ये बोललं गेलं की बाप दगडाचा आहे, आणि एका दृष्टीने ते शालिकरामांना बरंच वाटलं, कारण दगडाची अब्रू टिकते. पण रोज दुपारी घराच्या मागच्या बाजूला जाऊन, चालत्या कूलरमध्ये पाइपने पाणी भरता भरता, ते मनसोक्त रडून घेत. कूलरचा आवाज एवढा, की यमुताईंना ऐकू जायचा प्रश्नच नाही. घरात बायको बहिरी. हिवाळ्यात कूलर बंद असला की ते गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर लावत आणि तिच्याजवळ उभे राहत. उन्हाळ्यात नळ पहाटे घटकाभरच येई, तेव्हा दुपारी मोटरचाही आसरा नव्हता. यंदाचा कूलर बंद पडला आणि भर उन्हाळ्यात शालिकरामांची रडायची जागा गेली. पहिल्या दुपारी ते सवयीने पाइप घेऊन मागे गेले आणि उघड्या पत्र्याकडे बघून परत आले.

आता रजत इरेला पेटला होता. तो म्हणाला, असं अंदाजपंचे नाही चालणार, घराचं फिंगरप्रिंटिंग करावं लागेल. म्हणजे फरशीच्या प्रत्येक चौकोनावर उभं राहायचं, आकडा बघायचा, खडूने तिथेच लिहायचा, आणि मग सगळ्या आकड्यांवरून मशीनची जागा काढायची. शिवाय माणसाच्या अंगात पाणीच पाणी असतं, त्यामुळे माणूस रेंज खातो. “काकूंना बाहेर बसवा,” तो म्हणाला. “त्या सगळी रेंज खाऊन राहिल्या.” म्हणून सुभद्राबाईंची रवानगी यमुताईंकडे कुरडया घालायला झाली, आणि हे दोघं ओणवे होऊन फरशीवर खडूने आकडे लिहू लागले.

दिवसभर घर आकड्यांनी भरलं. आणि गणित असं निघालं की घरात सगळीकडे रेंज कमी, पण यमुताईंच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की आकडा झकास. रजतने भिंतीवर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने शालिकरामांकडे बघितलं.

“काय गा, असं कसं होईल?” शालिकराम म्हणाले. पण आकडा होता. शालिकरामांनी आयुष्यभर आकड्यावर विश्वास ठेवला होता, माणसांवर नव्हे. ते यमुताईंच्या दारात गेले आणि शक्य तेवढ्या सभ्य शब्दांत म्हणाले, की ताई, राग मानू नका, पण मशीन तुमच्या घरातून रेंज देऊन राहिलं, जरा कुठं चुकून आलं का बघता का.

यमुताईंच्या हातात कुरडईचा सोऱ्या होता. ठाण्यातून आलेला शालिकराम त्यांनी बघितला होता, आणि फिंगरप्रिंट हा शब्द भिंतीतून त्यांच्या कानावर सकाळीच पडला होता. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. सोऱ्या खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांची बोटं शालिकरामांपुढे धरली.

“घ्या भाऊ,” त्या म्हणाल्या. “घ्या ठसे. सौरवच्या वेळी तेरा दिवस तुमच्या घरी चुलीपाशी बसली मी. तेव्हा काहून नाही घेतले?”

शालिकराम मान खाली घालून परतले. मागोमाग सुभद्राबाई आल्या, काय झालं ते न समजता, हाताला कुरडईचा चीक तसाच. आणि रजत खोलीतून ओरडला, की काका, आकडा इकडे परत आला.

तेव्हा रजतच्या डोक्यात प्रकाश पडला. “मशीन हलून राहिलं,” तो म्हणाला. वस्तू घरात, मग शेजारी, मग परत घरात, याचा अर्थ ती कोणाच्या तरी पोटात आहे. उंदीर. नाही तर घूस. शालिकरामांना पटेना, पण संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कानाने स्वयंपाकघरात बारीक ‘चीं’ असा आवाज ऐकला, तोही सुभद्राबाई पाटावर खाली बसल्या त्या क्षणी. सुभद्राबाईंना अर्थात तो ऐकू गेला नाही. मग पिंजरा आला, भजं लावलं गेलं. पिंजऱ्यात ले-आऊटमधली मांजर सापडली. रजतने मोबाइल तिच्या पोटाला लावला. मांजरीने रजतला ओरबाडलं. इंजेक्शन घेऊन आल्यावर त्याला आठवलं की आपल्याला कंपनीचंही काम असतं, आणि तो जो समोरच्या बंगल्यात गेला तो परत दिसला नाही. जाता जाता सांगून गेला, की सेल आता कधीही संपेल.

रविवारची दुपार. अंगाची लाही होत होती. ले-आऊटमध्ये सगळ्यांचे कूलर घोंघावत होते, ठवकरांचाच गप्प होता. यमुताईंनी दोन घरांच्या मधल्या दाराला आतून कडी घातली होती. फरशीवरचे खडूचे आकडे सुभद्राबाईंनी पुसले नव्हते. पुसू का, असं त्यांनी खुणेने विचारलं होतं आणि शालिकरामांनी नको म्हटलं होतं. सुभद्राबाई खाटेवर पडल्या होत्या. शालिकराम खाटेला टेकून जमिनीवर बसले, मोबाइल हातात धरून, आता आशेने नव्हे, नुसत्या सवयीने. त्यांना फार एकटं वाटत होतं. मशीन सापडणार नाही, सापडलं असतं तरी आपण दोडक्याशिवाय काही बोललो नसतो, हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि त्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. पण रडायचं कुठे, कूलरचा पंखा तर मेकॅनिककडे.

तेवढ्यात त्यांनी आकडा बघितला. वजा पस्तीस. आठवडाभरात इतका चांगला आकडा दिसला नव्हता. त्यांनी मोबाइल खाटेखाली नेला, आकडा पडला. वर आणला, चढला. उशीपाशी नेला, पडला. सुभद्राबाईंच्या कमरेपाशी नेला आणि त्या जरा कुशीवर वळल्या, तशी कमरेला खोचलेल्या बटव्यातून ‘चीं’ झालं.

शालिकरामांनी मनातल्या मनात आठवडा उलटा फिरवला. पोळ्या करताना, कूलरसमोर, यमुताईंकडे, पाटावर. फॉल्ट शोधणारा माणूस आठवडाभर फॉल्टच्या भोवती फेऱ्या मारत होता आणि रेंज खाते म्हणून त्याने तिलाच घराबाहेर बसवलं होतं.

सुभद्राबाईंनी डोळे उघडले. मोबाइल बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि उठून बसल्या. बटव्यातून मशीन काढून त्यांनी तळहातावर ठेवलं. शालिकरामांनी नुसते दोन्ही हात पसरले. काहून?

सुभद्राबाई बोलल्या. बहिरं माणूस बोलतं तशा, मोठ्या आवाजात, कोण ऐकतं याची शुद्ध न ठेवता.

“तुमी कूलरमंदी पाणी भरून राहिले होते. मी इथंच पडून होती, मशीन कानात. पयले वाटलं कूलरच आवाज करून राहिला. मंग समजलं, हवेसंगं तुमचं रडणं आत येऊन राहिलं. दोन वर्षं झाले. मले ठाऊकच नाही का तुमी रडता. मी बी लोकासारखी तुमाले दगड समजत होती. मंग इचार केला, मले कूलरमंदून बी ऐकू येते हे या माणसाले समजलं तर हा रडणं बी बंद करन. मंग यानं जाव कुठं? म्हणून काढून ठेवलं.”

भिंतीपलीकडे यमुताईंकडे भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. सगळं ऐकू गेलं होतं. दगडाची अब्रू गेली ती तेव्हाच. शालिकरामांना क्षणभर लाज वाटली, आणि मग आश्चर्य म्हणजे वाटेनाशी झाली. ते रडत होते, उघडपणे, बायकोसमोर, कुठलीही मोटर चालू नसताना.

मग त्यांनी तिच्या तळहातावरचं मशीन उचललं आणि आपल्या हाताने तिच्या उजव्या कानात बसवलं. ते एकदा किंचाळलं आणि गप्प झालं. सुभद्राबाईंनी मान सरळ केली, वाट बघितली.

“सौरवचा आवाज,” शालिकराम हळूच म्हणाले, “मले वाटते आता मी इसरून राहिलो.”

“मले तर त्याचा मोठा झाल्यावरचा आवाज माहीतच नाही,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता खाली आला होता. “लहानपणचा आठवते. मंग कान गेले. पोरगं बिचारं ओरडे, पण कानात नुसता गलका येत होता. तुमी तर ऐकला हाय. कसा बोलत होता तो?”

शालिकरामांनी डोळे पुसले, घसा खाकरला. सौरव मौद्याहून आला की गाडी लावून दारातून हाक मारायचा. ती त्यांनी आठवून आठवून, सुरुवातीचा शब्द जरा लांबवून, पोराच्या भारी आवाजात म्हणून दाखवली.

“आई, भूक लागली वं.”

सुभद्राबाई कानाला हात लावून ऐकत होत्या.

“अजून एकडाव म्हणा,” त्या म्हणाल्या.